काळा पडदा कीं सजलेली खिडकी?

बदलापूरनजीकच्या चामटोलीपासून थेट मुंबईपर्यंत, ज्या घरांतील मुलगा वा मुलगी संगणकाच्या आज्ञावल्या लिहूं लागली असेल, तेथें एक वाद हटकून निघतो. लेखनासाठीं ‘विम’सारखा, केवळ अक्षरें दाखविणाऱ्या टर्मिनलमधील एडिटर घ्यावा, कीं ‘व्हिज्युअल स्टुडिओ कोड’सारखी सजलेली खिडकी?

पहिल्या पक्षाचें मूळ संथ तारेंत आहे. १९७६ च्या सुमारास बिल जॉय यांनीं अमेरिकेंत ‘व्हीआय’ रचला, तेव्हां दूरच्या संगणकाशीं संभाषण अतिशय मंद चाले. म्हणून त्यांत आज्ञा एकेका अक्षराच्या. १९९१ सालीं ब्राम मूलेनार यांनीं त्याचीच सुधारित आवृत्ति ‘विम’ प्रसिद्ध केली. कळफलकावरून हात न हलवितां काम उरकतें, हें तिचें सुख. मात्र तें सवयीनेंच लाभतें.

दुसरें साधन मायक्रोसॉफ्टनें २०१५ सालीं पुढें आणलें. त्यांत चूक जागच्या जागीं अधोरेखित होते. नवशिक्याचा धीर खचत नाहीं. शिवाय टर्मिनल अक्षरांस ठराविक रुंदीचीं घरें देतें. तीं रोमन लिपीस मानवतात; देवनागरीचीं जोडाक्षरें तेथें पुष्कळदां विसकटतात. मराठी मजकूर हाताळणारास खिडकीच सोयीची.

मग निवाडा काय? दूरच्या सर्व्हरवर मध्यरात्रीं बिघाड झाला, तर तेथें बहुधा खिडकी नसते. व्हीआय मात्र असतो. म्हणून मुलांनीं आरंभ खुशाल खिडकींतून करावा. परंतु व्हीआयमध्यें फाइल उघडणें, बदलणें, जतन करणें आणि बाहेर पडणें, एवढें तरी शिकून ठेवावें. नोकरींत अडचणीच्या वेळीं तेंच उपयोगीं पडेल.