गांवचा कर, करांतील सूट आणि लोकांचा विश्वास

आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांचें शेत खेड्यांत असतें आणि व्यवहार पेठेच्या गांवीं चालतो. माजलगांवच्या आसपासच्या शेतकऱ्यांचेंच पाहा. सिंदफणेवरील धरण १९८७ सालीं पुरें झाल्यापासून कालव्याखालीं ऊंस वाढला, विक्रीसाठीं व मुलांच्या शिक्षणासाठीं पेठेंत येणें वाढलें, आणि ज्याच्या हातीं दोन पैसे राहिले त्यानें तेथें एखादें घर किंवा गाळा बांधला. येणेंप्रमाणें एकच कुटुंब ग्रामपंचायतीसही कर देतें आणि नगरपरिषदेसही. कराची गोष्ट निघाली कीं दोन्ही ठिकाणीं एकच उद्गार ऐकूं येतो : "मोठ्यांचें आंतल्या आंत मिटतें, नोटीस मात्र आपणांस." हा उद्गार कोठून आला, त्यांत तथ्य किती, आणि तो खोटा ठरावा म्हणून कर देणारानें काय करावें, याचा विचार या लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

अविश्वासाचें मूळ जुनें आहे. आपला मुलूख निजामाच्या अमलाखालीं असतां, पहिल्या सालारजंगांच्या सुधारणांपूर्वीं, सारावसुली ठेक्यानें दिली जात असे. ठेका घेणाऱ्या तालुकदारानें सरकारास ठरलेली रक्कम द्यावी आणि रयतेकडून काय निघेल तें काढावें, असा तो प्रकार. करार दोघांचा, पैसा मात्र तिसऱ्याचा. आणि त्या तिसऱ्यास कराराचा कागद कधींच दिसत नसे. सालारजंग १८५३ सालीं दिवाण झाले. त्यांनीं ही रीत मोडीत काढली, आणि १८६५ च्या जिलाबंदीनें जिल्ह्यांचा कारभार पगारी अधिकाऱ्यांकडे आला. पुढें १९४८ सालीं संस्थान भारतांत सामील झालें, १९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला, आणि १९६० सालीं महाराष्ट्र राज्य झालें. तथापि ठेक्याची कल्पना निमूटपणें नगरांच्या नाक्यांवर जाऊन बसली. अनेक नगरपरिषदा जकातीची वसुली लिलावानें ठेकेदारास देत. नगरपरिषदांच्या हद्दींतील जकात १९९९ सालीं उठली. पण आठवडी बाजारांतील बैठकीची वसुली अद्याप पुष्कळ गांवीं ठेक्यानेंच होते. भाजीची पाटी घेऊन बसलेल्या बाईकडून पैसे घेतले आणि पावती दिली नाहीं, म्हणजे ती बाई कायदा वाचीत नाहीं. पण 'हें सर्व कोणाच्या तरी घरांत जातें' एवढा धडा मात्र घरीं घेऊन जाते.

आतां सुटीचा विचार करूं. करांत सूट देणें मुळांत वाईट नव्हे. शेतकऱ्यास हें सांगावयास नको, कारण शेतसाऱ्याची सूट व तहकुबी त्याच्या परिचयाची आहे. पाऊस गेला, पीक बुडालें, गांवची पैसेवारी ५० पैशांच्या आंत आली, म्हणजे टंचाईच्या सवलती लागू होतात. पैसेवारीच्या आंकड्याबद्दल तक्रार पुष्कळ वेळां असते. परंतु ती उघडपणें करतां येते, कारण आंकडा जाहीर झालेला असतो. शिवाय त्या यादींत गांवाचें नांव असतें, माणसाचें नसतें. सुटीचें कारण ठरलेलें, मोजमाप ठरलेलें, आणि लाभ त्या गांवच्या सर्वांस सारखा. जी सूट अशा नियमानें मिळते ती कोणाच्या मनांत सलत नाहीं. जी तोंड पाहून मिळते ती घेणारा एक असतो आणि सलते ती शंभरांस.

हीच कसोटी गांवांतील कारखान्याच्या करास लावून पाहूं. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या १२४ व्या कलमानें पंचायतीस घरें, इमारती व बिगरशेतीच्या जागा यांवर कर बसवितां येतो. शेतसारा भरणारी मोकळी शेतजमीन त्यांतून वगळलेली आहे. त्याच अधिनियमाच्या १२५ व्या कलमांत अशी तरतूद केली गेली कीं, पंचायतीनें एखाद्या कारखान्याशीं करार करून निरनिराळ्या करांऐवजीं एक ठोक रक्कम घ्यावी. मात्र त्यास वरून मंजुरी हवी. पवारवाडी व तेलगांव या बाजूंस साखर कारखाने असल्यामुळें आमच्या वाचकांनीं ही तरतूद समजून घ्यावी, आणि तिची आजची दुरुस्त प्रत पाहावी. कोणत्याही एका कारखान्यावर आमचा रोख नाहीं.

ठोक रकमेंत लाभ आहे. पैसा ठरलेल्या दिवशीं येतो, दरसाल मोजणीचा वाद राहत नाहीं, आणि कोर्टकचेरीचा खर्च वांचतो. पण तोटाही आहे. समजा, आकारणीप्रमाणें कारखान्याचा कर वर्षास १२ लाख रुपये होतो आणि ठोक रक्कम ५ लाख ठरली. उरलेले ७ लाख कोठें गेले ? ते नाहींसे होत नाहींत. गांवांत ७०० घरें असतील तर घरामागें १,००० रुपयांचें काम, म्हणजे गटार, दिवा किंवा नळ, मागें पडलें. नाहीं तर तेवढा बोजा घरपट्टीवर आला. एकास दिलेली सूट ही दुसऱ्यावर बसविलेली पट्टी होय, हें ध्यानांत ठेवावें. कदाचित् कारखान्यानें रस्ता बांधून दिला असेल, गांवच्या मुलांस कामें दिलीं असतील, आणि सौदा एकंदरीनें गांवाच्या हिताचाही असेल. परंतु तें कागद पाहिल्याशिवाय ना सरपंचास पटवून देतां येतें, ना गांवकऱ्यास पटतें.

कागदावर अट असली म्हणजे काय होतें, याचें उदाहरण दूर अमेरिकेंत सांपडतें. विस्कॉन्सिन राज्यांतील माउंट प्लेझंट या गांवीं फॉक्सकॉन कंपनीनें २०१७ सालीं १३,००० नोकऱ्यांचा कारखाना काढण्याचें कबूल केलें, आणि राज्यानें सुमारें ३०० कोटी डॉलरांच्या सवलती देऊं केल्या. गांवानें रस्ते, पाणी व जमीन यांसाठीं कर्ज काढलें. लोकांचीं शेतें व घरें घेतलीं गेलीं. कारखाना बोलल्याप्रमाणें उभा राहिला नाहीं, आणि २०२१ सालीं करार १,४५४ नोकऱ्या व ८ कोटी डॉलरांपर्यंतच्या सवलती एवढ्यावर आला. राज्याचा पैसा मोठ्या अंशीं वांचला, कारण आधीं नोकऱ्या व मग सवलत ही अट लेखी होती. गांवानें मात्र खर्च आधींच करून ठेविला होता.

नगरपरिषदेची गोष्ट थोडी निराळी आहे. तेथें १९६५ च्या अधिनियमाप्रमाणें मालमत्ता कर दर चार वर्षांनीं नव्यानें आकारला जातो. यादी तयार झाल्यावर जाहीर सूचना निघते. मालकास यादी फुकट पाहतां येते, तींतून उतारा घेतां येतो, आणि दिलेल्या मुदतींत हरकत घेतां येते. आमचा अनुभव असा कीं, या दिवसांत कचेरींत जाणारे थोडे, आणि मुदत टळल्यावर ओट्यावर बसून रागावणारे पुष्कळ. शेजाऱ्याच्या दुमजली इमारतीची नोंद पत्र्याची म्हणून झाली आहे कीं काय, हें त्या यादींतच दिसतें. कुजबुजींत दिसत नाहीं.

थकलेल्या करावर दरमहा २ टक्के शास्ती बसते, म्हणजे १०,००० रुपयांवर वर्षांत २,४०० रुपये. ही शास्ती माफ करण्याची अभय योजना आणण्यास राज्य मंत्रिमंडळानें एप्रिल २०२५ मध्यें मान्यता दिली. खरोखर अडलेल्यास तिचा आधार आहे. पण ज्यानें ऊंसाचें बिल हातीं येतांच पहिल्यांदा कर भरला, त्याच्या मनांत 'आपण फसलों' असें येणें स्वाभाविक आहे. अशी माफी वारंवार होऊं लागली, तर वेळेवर भरणारा शहाणा कीं वेडा, हाच प्रश्न पडेल. मग पाणी येत नाहीं म्हणून कर नाहीं, आणि कर नाहीं म्हणून पाणी नाहीं, असें रहाट उलटें फिरूं लागतें.

अविश्वास मनांत सांचून राहिला म्हणजे तो कोणत्या निमित्तानें बाहेर पडेल याचा नेम नसतो. ३० ऑक्टोबर २०२३ रोजीं आरक्षणाच्या आंदोलनांत माजलगांव नगरपरिषदेच्या इमारतीस आग लावण्यांत आली. त्या रागाचें कारण कर नव्हता, हें खरें. तरी एक गोष्ट विसरूं नये : कचेरींतील दप्तर अधिकाऱ्याचें नसून आपलें असतें. कोणास किती सूट मिळाली याचा पुरावा त्याच कपाटांत असतो. तें जळालें तर ज्यानें लबाडी केली असेल तोच निर्धास्त होईल.

म्हणून आमची शिफारस थोडक्यांत अशी. पहिली गोष्ट, पावतीशिवाय एक रुपयाही देऊं नये, मग तो बाजारबैठकीचा असो कीं घरपट्टीचा. दुसरी, आकारणीची सूचना निघतांच दोघांचौघांनीं मिळून यादी पाहावी, आणि हरकत लेखी देऊन पोंच घ्यावी. तिसरी, कारखान्याशीं किंवा ठेकेदाराशीं झालेला करार ग्रामसभेंत वाचून दाखविण्याची मागणी करावी : रक्कम किती, मुदत किती, मोडल्यास काय. कोणी दाखविण्यास नाकारील, तर माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यानें दहा रुपयांचा अर्ज करावा. त्यास तीस दिवसांत उत्तर देणें अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे, आणि न मिळाल्यास अपील आहे. चौथी गोष्ट आपल्याच घरची : आपल्या गाळ्याची नोंद खरी करून घ्यावी, आणि कर वेळेवर भरावा. स्वतःच्या इमारतीचीं फुटें चोरणारास दुसऱ्याच्या सुटीबद्दल बोलण्यास तोंड राहत नाहीं.

अधिकारी सगळेच लबाड नसतात, आणि शेतकरीही सगळेच भाबडे नसतात. जो अधिकारी प्रामाणिक आहे त्यास उघडा कागद हेंच संरक्षण आहे. जो नाहीं त्यास तोच कागद लगाम आहे. यंदाच्या ग्रामसभेस आमच्या प्रत्येक सभासदानें जावें आणि एवढेंच विचारावें, कीं गेल्या सालीं कोणास कोणत्या नियमानें किती सूट दिली. उत्तर समाधानकारक आलें तर संशय तेथेंच टाकून घरीं यावें. न आलें तर दुसऱ्या दिवशीं अर्ज लिहावा.