यंत्र यावे, नजर जाऊ नये

मुळशी तालुक्याच्या एका टोकाला हिंजवडी आहे. तिथल्या उंच इमारतींत साऱ्या जगासाठी संगणकाची कामे चालतात. दुसऱ्या टोकाला ताम्हिणी घाट आहे. भर पावसात तिकडच्या वाडीवरून आजारी माणसाला पौडपर्यंत आणायचे तर घरच्यांचा जीव टांगणीला लागतो. म्हणूनच दवाखान्यांत येऊ लागलेल्या कृत्रिम बुद्धिमत्तेचा, म्हणजे 'एआय'चा, विचार आपण कष्टकरी माणसांनीही केला पाहिजे.

हे यंत्र वाईट आहे, असे आम्ही म्हणत नाही. छातीचा एक्स-रे पाहून क्षयाचा संशय संगणक सांगू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली पंधरा वर्षे व त्यावरील व्यक्तींच्या तपासणीसाठी त्याला मान्यता दिली. आपल्या सरकारनेही डिसेंबर २०२४ मध्ये सुरू केलेल्या शंभर दिवसांच्या क्षयमोहिमेत एआय जोडलेली, हातात नेता येणारी एक्स-रे यंत्रे वापरली. जिथे तज्ज्ञ नाही, तिथे ही मोठीच सोय आहे.

पण सोयीची सवय जडली की काय होते? पोलंडमधील चार केंद्रांत मोठ्या आतड्याच्या दुर्बीण तपासणीसाठी २०२१ च्या अखेरीस एआय आले. पुढे कर्करोग होऊ शकेल अशा गाठी ते डॉक्टरांना दाखवून देई. हे १९ डॉक्टर चांगले मुरलेले होते. तरीही एआय आल्यानंतर त्यांनी यंत्राविना केलेल्या तपासण्या पाहिल्या, तेव्हा गाठ सापडण्याचे प्रमाण शेकडा २८.४ वरून २२.४ वर आल्याचे दिसले. हा अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. घसरणीला इतर कारणेही असू शकतील, पण इशारा गंभीर आहे.

आपल्या माता-भगिनींना हे वेगळे सांगायला नको. वर्षभर पिठाला हात लावला नाही, तर भाकरी तव्यावर टाकतानाच तुटते.

दुसरा धोका नवशिक्यांना आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जर्मनीतील एका प्रयोगात स्तनांचे एक्स-रे वाचणाऱ्या डॉक्टरांना यंत्राने मुद्दाम चुकीचे उत्तर सुचवले. तेव्हा अननुभवी डॉक्टरांपैकी बहुतेक फसले. त्यांची बरोबर उत्तरे शेकडा ८० वरून २० वर आली. फार अनुभवी डॉक्टरांचीही ४५ च्या आसपास घसरली.

याची किंमत कोण मोजणार? सरकारी महाविद्यालयातून शिकलेल्या डॉक्टरला एक वर्ष सरकारी सेवेचे बंधन असते. तो शहरात यंत्राच्या आधाराने शिकेल आणि उद्या अशा गावी येईल, जिथे वीज गेलेली असेल आणि यंत्रही नसेल. तिथे त्याच्याजवळ फक्त नाडीवरचे बोट, स्टेथोस्कोप आणि स्वतःची नजर उरेल. तीच बोथट झाली असेल, तर आपल्या लेकराचे काय?

म्हणून दवाखान्यात जाताना जुने कागद न्या. ताप कधीपासून आहे, काम धुळीत आहे का, घरात कुणाला क्षय झाला होता का, हे सारे सांगा. "डॉक्टरसाहेब, रिपोर्ट तुम्ही स्वतः पाहिलात ना?" असे नम्रपणे पण न घाबरता विचारा. तो आपला हक्क आहे. आणि डॉक्टर होऊ पाहणाऱ्या आपल्या मुला-मुलींना आम्ही एवढेच सांगू : आधी स्वतःचे निदान कागदावर लिहा, मग यंत्राला विचारा.