नवखा रनिंग बॅक घेताना

न्यू जर्सीतल्या आमच्या ऑफिसच्या फॅन्टसी फुटबॉल लीगमध्ये २०२३ साली मी नवखा रनिंग बॅक जमीर गिब्ज घेतला आणि महिन्याभरात वैतागून देऊन टाकला. अजून चिडवतात!

डेट्रॉइट लायन्सने त्याला एनएफएल ड्राफ्टमध्ये १२व्या क्रमांकावर उचललं, एवढंच मी पाहिलं होतं. पॅकर्सविरुद्ध लायन्सचाच दुसरा रनिंग बॅक डेव्हिड माँटगोमरीने ३ टचडाउन मारले, तेव्हा माझा गिब्ज बहुतेक वेळ बाकावर.

पुढे माँटगोमरी दुखापतीने बाहेर गेला आणि रेडर्सविरुद्ध गिब्ज १५२ यार्ड धावला. मोसमात ५२ झेल. पीपीआर लीगमध्ये दर झेलाला १ गुण, म्हणजे यार्ड न मोजताच ५२ गुण.

आता नवख्याचा वेग मी शेवटी बघतो. आधी बघतो, बॉलमध्ये वाटेकरी कोण? गोल लाइनजवळ कोणाला देतात? पास येतात का?

तुमच्या यादीत कोण आहे? खाली सांगा.