गोष्टीतल्या बैलांचा चारा

खंडाळ्यापासून कार्ल्यापर्यंतचं अंतर जेमतेम आठ मैल. डिसेंबर १७७८ च्या अखेरीस बोरघाट चढून आलेल्या मुंबईकर इंग्रजांच्या फौजेला ते कापायला अकरा दिवस लागले. राघोबादादांना पुण्याच्या कारभारावर बसवायला निघालेली ही फौज सुमारे चार हजारांची. तिच्या तोफा, दारूगोळा, तंबू आणि साहेबांचं सामान वाहणाऱ्या बैलांचा आकडा मात्र इतिहासकार १९ हजार देतात. म्हणजे शिपायामागे जवळपास पाच बैल. समोर नाना फडणीस आणि महादजी शिंदे यांच्या फौजा मोठी लढाई न देता मागे सरकत होत्या आणि सरकता सरकता गवत-चारा जाळत, गावं रिकामी करत होत्या. ९ जानेवारी १७७९ रोजी इंग्रज तळेगावला पोचले, तेव्हा तळेगाव जळालेलं होतं. पुणं अठरा-वीस मैलांवर उरलं होतं, आणि तिथूनच ते परत फिरले. ११ जानेवारीच्या रात्री अवजड तोफा तळेगावच्या तळ्यात ढकलल्या, सामानाला आग लावली. सकाळी वडगावपाशी वेढ्यात सापडले आणि पाच-सहा दिवसांत तहावर सही करून मोकळे झाले.

हा प्रसंग मावळातल्या कुणालाही सांगायचा झाला तर तो बहुधा तलवारींनी सांगितला जातो. माझ्या मते त्यात खरी गोष्ट बैलांची आहे. कथेत किंवा खेळात ‘वास्तववादी परिणाम’ म्हटलं की लेखकांच्या डोळ्यांपुढे रक्त येतं: नायकाला मारा, हातपाय तोडा, शेवट दुःखी करा, झालं वास्तव. पण परिणाम खरा वाटतो तो क्रूर असल्यामुळे नव्हे. घडून गेल्यावर वाचकाला ‘हे आपल्याला आधीच मोजता आलं असतं’ असं वाटलं, तर तो खरा. तळेगावच्या माघारीतलं काहीही आकाशातून पडलेलं नाही. बैल किती, त्यांना रोज लागणारा चारा किती, वाट किती आणि चाल किती, हे सगळं खंडाळ्यातच समोर होतं. गंमत म्हणजे त्या रात्री इंग्रजांचा शिधा संपलेलाही नव्हता. मराठे चिंचवड आणि प्रसंगी पुणंही जाळतील, अशा बातम्या येत होत्या. पुढे काय खायचं, या हिशेबाने धीर सुटला. परिणाम घडण्याआधी त्याची सावली पडते आणि माणसं त्या सावलीला घाबरून वागतात. हे ज्या लेखकाला दाखवता येतं, त्याला रक्त फारसं लागत नाही.

याच प्रसंगात आणखी एक धागा आहे आणि तो अठरा वर्षं मागे जातो. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर मराठ्यांची फौज उभी राहिली ती रसद तुटलेली, यात्रेकरू आणि बाजारबुणग्यांच्या ओझ्याखाली वाकलेली. विश्वास पाटलांच्या १९८८ च्या ‘पानिपत’ कादंबरीला वाचक मिळाले त्यात या उपासमारीचा वाटा मोठा आहे. विश्वासरावाला गोळी लागण्याआधीच पोटाने लढाई हरलेली असते. त्या रणातून तरुण नाना फडणीस कसाबसा जीव घेऊन निसटला. महादजी पायाला जखम घेऊन निसटला आणि जन्मभर लंगडत राहिला. जानेवारी १७७९ मध्ये परक्या फौजेला चाऱ्याविना कोंडणारे दोघे हेच. दोघांनी पानिपताचा धडा मनात धरूनच हे केलं असं कुणी लिहून ठेवण्याची गरज नाही. कादंबरीकाराला याहून पक्का दुवा सापडणार नाही. परिणाम म्हणजे केवळ शिक्षा नव्हे. तो माणसाच्या पायात राहतो आणि पुढच्या गोष्टीत चालायला लागतो.

खेळांत परिणामाची ही कल्पना जुनी आहे. आपल्याकडचा मोक्षपट (परंपरा त्याचं श्रेय ज्ञानेश्वरांना देते) सद्गुणाला शिडी आणि दुर्गुणाला साप देतो. पण दान फाशांचं किंवा कवड्यांचं. लोभाच्या घरात आपण लोभ केल्यामुळे जात नाही, तीन पडले म्हणून जातो. तिथे परिणाम आहे, कारण नाही. १९७१ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटात तीन होतकरू शिक्षकांनी मुलांना इतिहास शिकवायला ‘द ओरेगॉन ट्रेल’ हा संगणकीय खेळ रचला. त्यात निघण्यापूर्वी बैलांवर किती खर्चायचं, अन्नावर किती, दारूगोळ्यावर किती, हे खेळणाऱ्याने ठरवायचं. पुढे वाटेत जे होतं ते बरंचसं त्या खरेदीतून येतं. तळेगावहून फिरलेल्या फौजेचा सेनापती एगर्टन साहेब, त्याने हा खेळ खेळायला हवा होता. २०१४ चा पोलिश खेळ ‘धिस वॉर ऑफ माइन’ आणखी पुढे जातो: वेढ्यातल्या शहरात म्हाताऱ्या जोडप्याचं अन्न चोरलं, तर पोट भरतं, पण आपलीच माणसं खचतात, कामाला उठत नाहीत.

यावर पहिला आक्षेप करमणुकीचा. दिवसभर परिणामच भोगणाऱ्या माणसाला गोष्टीत तरी सुटका नको का? बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार गोळ्यांच्या वर्षावातून सहीसलामत बाहेर येणार हे ठाऊक असूनच लोक त्याची वाट बघत. मान्य आहे, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. झुंजार मरत नाही हा त्या जगाचा नियम आहे आणि लेखक तो पाळतो. वाचक चिडतो तो नियम मधेच बदलला की: तीनशे पानं शिध्याची चिंता आणि शेवटच्या पानावर अचानक मदतीला आलेली फौज.

दुसरा आक्षेप जास्त धारदार आहे. खरं आयुष्य हिशेबाने कुठे चालतं? ४ जानेवारीला कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट तोफगोळ्याने गेला. इंग्रजांकडचा सर्वांत तडफदार अधिकारी, मराठ्यांनीच ज्याला ‘इष्टुर फाकडा’ म्हटलं, तो एका गोळ्यात संपला. एक वीत इकडेतिकडे झाला असता तर वाचला असता. मग योगायोग हेच वास्तव नाही का? आहे. पण योगायोगाने गोष्ट सुरू करावी, वळवावीही, सोडवू नये. स्टुअर्ट जगला असता तरी बैलांना चारा लागलाच असता. आणि त्याच्या मरणाचा टिकाऊ परिणाम लष्करी नाहीच: ज्या शत्रूचा पराभव इथे साजरा होतो, त्यातल्याच एकाची समाधी वडगावात दाखवली जाते. असा शेवट कल्पनेने रचला असता तर संपादकाने ‘पटत नाही’ म्हणून खोडला असता.

संगणकीय खेळांपुढे एक अडचण जास्तीची आहे. हरलो तर मागच्या ठिकाणी सेव्ह केलेला डाव पुन्हा उघडता येतो. तळ्यातल्या तोफा वर येतात. म्हणून काही खेळ परत फिरण्याची वाटच बंद करतात. मला तो उपाय थोडा दांडगाईचा वाटतो. परिणाम इतका उशिरा येऊ द्यावा की मागे कुठे जायचं हेच कळू नये, हे अधिक कसबाचं.

कारण उशिरा येणारे परिणामच खरे कसोटीचे. वडगावच्या तहाने साष्टी परत मिळायची होती, राघोबादादा शिंद्यांच्या ताब्यात आले होते, इकडे ईस्ट इंडिया कंपनीने एगर्टन, कॉकबर्न आणि कार्नाक या मोहिमेच्या तिघा प्रमुखांना नोकरीतून काढलं. विजयगाथा इथे थांबते. पण गव्हर्नर-जनरल वॉरन हेस्टिंग्जने तह मानला नाही. दादा त्याच वर्षी पहाऱ्यातून निसटून सुरतेला इंग्रजांकडे पोचले. युद्ध आणखी तीन वर्षं चाललं आणि १७८२ च्या सालबाईच्या तहात साष्टी इंग्रजांकडेच राहिली. वडगावला जिंकलेलं बरंचसं असं हातातून गेलं, आणि त्याचं मूळ वडगावलाच होतं: हरलेल्यांकडून सही घेतली, पण ती पाळण्याचा अधिकार सही करणाऱ्यांकडे नव्हता.

आणि एक हिशेब कुठल्याच पोवाड्यात नाही, खेळात तर नाहीच. मावळात पीक मुख्यतः एकच, पावसाळी भाताचं. दिवाळीच्या आगेमागे कापणी, मग झोडणी. पौषात दाणा कणगीत आणि पेंढा माचावर. जानेवारीत शत्रूला उपाशी ठेवायला मुलूख जाळायचा, तर जळतो तो गावाचा वर्षाचा घास आणि गावच्या बैलांचा चारा. फेब्रुवारी १७८१ मध्ये इंग्रजांच्या जनरल गॉडार्डची फौज त्याच बोरघाटातून पुन्हा वर आली, तेव्हा त्या कणग्या पुन्हा भरायला अवघे दोन हंगाम मिळाले होते.