विश्लेषण : ब्रिटनमध्ये एका मालिकेनंतर शेकडो शिक्षा रद्द कशा झाल्या?
‘मिस्टर बेट्स व्हर्सेस द पोस्ट ऑफिस’ ही चार भागांची मालिका जानेवारी २०२४ मध्ये ‘आयटीव्ही’वर आली. फुजित्सूच्या ‘होरायझन’ संगणक प्रणालीने हिशेबात नसलेली तूट दाखवली आणि १९९९ ते २०१५ दरम्यान ९०० हून अधिक जण दोषी ठरले. त्यात बहुतेक टपाल केंद्रचालक. समीक्षकांनी टोबी जोन्सच्या संयत अभिनयाला दाद दिली. प्रेक्षक मात्र खवळले. माजी प्रमुख पॉला व्हेनेल्स यांचा राजसन्मान काढून घ्या, या मागणीवर दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. त्यांनी तो परत केला. खरे तर ‘कम्प्युटर वीकली’ने हे २००९ मध्येच छापले होते, २०१९ मध्ये उच्च न्यायालयानेही प्रणालीवर ठपका ठेवला होता! सरसकट शिक्षा रद्द करणारा कायदा मात्र मे २०२४ मध्ये झाला. तोवर काही जण हयातही नव्हते.