बंदुकीचा बार आणि नेमबाजाचा कान

कालीपूजेच्या रात्री कोलकात्यात फटाक्यांचा जो गजर होतो, तो ध्वनीचे मोजमाप समजून घेण्यास मोठा सोयीचा आहे. पश्चिम बंगालात फटाक्यांच्या आवाजास पुष्कळ वर्षे ९० डेसिबलची मर्यादा होती. २०२३ साली ती १२५ करण्यात आली. आकड्यांवरून हा फरक बेताचा वाटतो. परंतु डेसिबलची मोजपट्टी बेरजेने नव्हे, गुणाकाराने चढते. दर १० डेसिबलला ध्वनीची तीव्रता दसपट होते. म्हणजे ३५ डेसिबलची वाढ ही तीव्रतेत सुमारे तीन हजार पटींची वाढ होय. आता असे पाहा की, नेमबाजीच्या खेळात वापरली जाणारी .२२ ची लहान रायफलही झाडणाऱ्याच्या कानापाशी १४० डेसिबलच्या आसपास जाते, आणि मोठ्या रायफलीचा बार १६० च्याही वर पोचतो.

हा बार एकच ऐकू येत असला तरी तो एका कारणाने होत नाही. दारू पेटली की तिचा तप्त वायू गोळीला नळीतून पुढे ढकलतो. गोळी नळीच्या तोंडातून सुटताच तिच्यामागे कोंडलेला हा वायू एकदम बाहेरच्या हवेवर आदळतो. आवाजाचा मोठा वाटा याचा. दुसरा वाटा गोळीचा स्वतःचा. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर वेगाने जातो. गोळी त्याहून वेगाने निघाली की वाटभर चाबकाच्या फटकाऱ्यासारखा कडाका उमटवीत जाते. खटक्याचा आणि गोळी आदळल्याचा आवाज त्या मानाने किरकोळ.

यांपैकी पहिल्या आवाजावर इलाज काढला तो हायरम पर्सी मॅक्सिम या अमेरिकन यंत्रज्ञाने, १९०९ साली. मशीनगनमुळे प्रसिद्धीस आलेल्या मॅक्सिमचा हा मुलगा. नळीच्या तोंडाशी जोडलेल्या नळकांड्यात वायूला आडपडद्यांमधून फिरवून, निववून, हळूहळू बाहेर सोडावे, ही त्याची युक्ती. मोटारीच्या धुराड्याचा आवाज कमी करण्यातही त्याने हेच तत्त्व योजिले, आणि म्हणूनच ‘सायलेन्सर’ हा शब्द आपल्याकडे बंदुकीवरून नव्हे, तर मोटारसायकलवरून घरोघर पोचला. नाव मात्र फसवे आहे. चांगले ध्वनिशामक २० ते ३५ डेसिबल आवाज उतरविते. म्हणजे १६५ चा बार १३५ वर येईल. गोळीच्या वेगाने होणाऱ्या कडाक्याला तर ते हातही लावू शकत नाही. चित्रपटात ऐकू येणारी ती हलकी फुसफुस ही ध्वनिमुद्रकाची करामत समजावी.

नॉर्वे, फिनलंड या देशांत शिकारी हे साधन राजरोस वापरतात. कानाचे आणि शेजाऱ्यांचे रक्षण हाच तेथे त्याचा उद्देश मानला जातो. भारतात स्थिती निराळी आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखालील नियमांनी आवाज वा ज्वाला मंद करणारी उपसाधने निषिद्ध शस्त्रांच्याच वर्गात घातली आहेत. परवानाधारक नेमबाजासही ती बाळगता येत नाहीत, आणि घरी करून पाहण्याचा खटाटोप हा सरळ गुन्हा ठरतो. खेळाचे त्यावाचून काही अडतही नाही. कोलकात्याच्या उत्तरेस, हुगळीकाठी, ईशापूर येथे १९०४ पासून रायफलींचा कारखाना आहे. बंगालचे हरिहर बॅनर्जी १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये .२२ च्या रायफलीने खेळले; कोलकात्याचे जयदीप कर्माकर २०१२ मध्ये लंडनला ५० मीटर प्रोन प्रकारात चौथे आले; कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत याच प्रकारात २०१० साली म्युनिक येथे जगज्जेत्या झाल्या. बार मंद करणारे नळकांडे यांपैकी कोणाच्याही रायफलीवर नव्हते.

तेव्हा आवाज नळीपाशी अडविता येत नसेल तर तो कानापाशी अडविला पाहिजे. अंतःकर्णात ध्वनी टिपणाऱ्या केसयुक्त पेशी सुमारे पंधरा हजार असतात. पक्ष्यांमध्ये त्या मेल्या तर पुन्हा उगवतात. माणसात उगवत नाहीत. मोठा आवाज झाला की कानातील एक चिमुकला स्नायू ताणला जाऊन थोडे संरक्षण देतो खरा, पण बंदुकीचा आघात त्याच्या आधीच आत पोचलेला असतो. हानीची सुरुवात बहुधा ४,००० हर्ट्झच्या आसपासच्या उंच स्वरांपासून होते. माणसाला वाटते आपल्याला सर्व काही ऐकू येते. फक्त समोरचा हल्ली पुटपुटतो, ‘स’ आणि ‘श’ नीट उच्चारीत नाही! उजव्या खांद्यावर रायफल घेणाऱ्याचा डावा कान आधी जातो, कारण तो नळीच्या तोंडाकडे वळलेला असतो आणि उजवा डोक्याच्या आडोशाला राहतो.

कापसाचा बोळा येथे जवळजवळ निरुपयोगी आहे. फोमची गुंडी पिळून बारीक करावी, दुसऱ्या हाताने कानाची पाळी वर व मागे ओढून ती आत खोल बसवावी आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवावी. अर्धी बाहेर लोंबणारी गुंडी नसल्यातच जमा. वरून कानटोप चढवावा. दोहोंचे आकडे बेरजेत धरू नयेत. दुसऱ्याने पहिल्यावर सुमारे पाच डेसिबलचीच भर पडते, परंतु बंदिस्त मैदानात भिंतींवरून आवाज उलटून येत असल्याने ती भरही मोलाची. संरक्षक चष्म्याची काडी जाड असली तर टोपाची गादी उचलली जाऊन फट राहते. काडी पातळ असावी. बंगालच्या दमट उन्हाळ्यात घामाने टोप नकोसा होतो आणि नवशिके दोन बारांमध्ये तो काढून ठेवतात. शेजारच्या खेळाडूची गोळी मात्र कोणासाठी थांबत नाही! पंचाने गोळीबार थांबल्याचे सांगेपर्यंत टोपाला हात लावू नये. त्यात गुणांचाही लाभ आहे: बाराच्या धास्तीने घोडा दाबण्याआधीच डोळे मिटणे, खांदा आक्रसणे हा नवख्यांचा दोष आवाज मंदावला की पुष्कळ कमी होतो.

शाळकरी मुलांस आरंभ १० मीटरच्या हवाई रायफलीने करू द्यावा. तीत दारू नसते, छर्रा ध्वनीच्या जवळजवळ निम्म्या वेगाने जातो, त्यामुळे आवाज सौम्य असतो. नेम मात्र अर्ध्या मिलिमीटरच्या ठिपक्यावर धरावा लागतो. आणि .२२ च्या सरावानंतर कानात शिटीसारखा नाद उरला, तर तो निवेल म्हणून वाट न पाहता मैदान काही दिवस बंद ठेवावे व कानाच्या डॉक्टरांकडून श्रवणाचा आलेख काढवून घ्यावा.