'इतर हक्कां'त राहिलेली फुफीदादी

गेल्या वर्षी आमच्या मोठ्या चाचांचा इंतकाल झाला. काही महिन्यांनी घरात वारसनोंदीचा विषय निघाला. खेड तालुक्यात, चाकणपासून जवळच्या एका गावात आमची थोडी वडिलोपार्जित जमीन आहे. पूर्वी तिथे कांदा आणि बटाटा पिकायचा. आता बांधापलीकडे कंपनीची भिंत आली आहे आणि लोक एकरात नव्हे, गुंठ्यात बोलतात. जमिनीला भाव आला की कागद बाहेर निघतात. तसे आमच्याकडेही निघाले.

सातबारा वाचण्याचे काम घरात माझ्याकडे असते, कारण मी शिक्षिका. मालकांच्या रकान्यात दादा आणि त्यांच्या भावांची नावे होती. उजवीकडे 'इतर हक्क' नावाचा रकाना असतो. कर्जाचा बोजा, विहिरीचा हिस्सा, वाट अशा गोष्टी तिथे लिहिल्या जातात. आपल्याकडे बहिणींची नावेही बहुधा तिथेच सापडतात. त्या रकान्यात एकाच बाईचे नाव दोनदा होते, पण पुढे नवऱ्याची नावे वेगवेगळी होती.

धाकटे चाचा म्हणाले, "एक नाव तलाठ्याच्या चुकीने पडलंय. आणि दुसरी आपली फुफी. ती कधीच वारली, लावल्द. प्रतिज्ञापत्र करू आणि दोन्ही नावं कमी करून टाकू."

लावल्द म्हणजे मूलबाळ नसलेली. ही फुफी म्हणजे माझ्या दादांची सख्खी बहीण, म्हणून आम्हा मुलांची फुफीदादी. तिच्याबद्दल आम्ही लहानपणापासून एवढेच ऐकले होते की लग्नानंतर ती लवकर गेली. मी सहज विचारले, "मृत्यूचा दाखला कुठे आहे?" कोणीच उत्तर दिले नाही. अम्मी मला स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि हळूच म्हणाली, "रहने दे ना बेटी. पुरानी बातां कायको निकालती?"

प्रतिज्ञापत्र म्हणजे शपथ. "ती मेली आहे, तिला मूल नव्हते" असे शपथेवर लिहून द्यायचे, आणि आपल्याला तर ते ठाऊकच नाही! त्या रात्री मला झोप आली नाही. सकाळी अब्बांना म्हणाले, आधी शोध घेऊ, मग सही करा. अब्बा म्हणाले, "घे."

दोन फेरफार, दोन नावे

सातबाऱ्यावर प्रत्येक नावाजवळ वर्तुळात एक आकडा असतो. तो फेरफाराचा क्रमांक. गाव नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवहीत, ते नाव सातबाऱ्यावर का आणि केव्हा आले याची हकिकत दोन-चार ओळींत लिहिलेली असते. जुनी नोंदवही तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात मिळते. अर्ज करून फी भरली की नक्कल देतात. राज्यातील बऱ्याच तालुक्यांचे जुने फेरफार स्कॅन होऊन महाभूमीच्या संकेतस्थळावरही आले आहेत. आमच्या तालुक्याची कचेरी राजगुरुनगरला. शाळेच्या सुट्टीत दोन हेलपाटे घातले आणि दोन्ही नकला हातात आल्या.

पहिला फेरफार दादांच्या वडिलांच्या मृत्यूनंतरचा. वारस म्हणून बायको, मुलगे आणि एक मुलगी. मुलीच्या नावापुढे 'भ्रतार' लिहून नवऱ्याचे नाव. जुन्या नोंदींत बाईची ओळख अशीच लिहीत. दुसरा फेरफार काही वर्षांनंतरचा, दादांच्या आईच्या मृत्यूनंतरचा. तेच मुलगे, तीच मुलगी, पण 'भ्रतार' या शब्दापुढे दुसरेच नाव आणि त्यापुढे 'रा. पिंपरी'.

म्हणजे तलाठ्याची चूक नव्हती. आईच्या मृत्यूच्या वेळी फुफीदादी हयात होती आणि तिचा दुसरा निकाह झालेला होता. फेरफाराच्या मजकुरात वर्दी कोणी दिली तेही लिहिलेले असते. वर्दी देणारे आमचे दादा होते. घरात जिचे नाव कोणी घेत नव्हते, तिचे नाव तिच्या भावाने स्वतः कचेरीत सांगून लिहून घेतले होते.

मी तो कागद अब्बांना वाचून दाखवला. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ते आठ-दहा वर्षांचे असताना दादा त्यांना चाकणच्या आठवडे बाजाराला नेत. तिथे एक बाई भेटायची, त्यांच्या डोक्यावरून हात फिरवायची आणि हातात बिस्किटांचा पुडा द्यायची. परतताना दादा सांगायचे, "घर में बोलना नहीं."

काझींचे रजिस्टर

पिंपरीत एका माणसाला साठ वर्षांनी शोधायचे म्हणजे सोपे काम नाही. १९५४ मध्ये इथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि गावोगावचे लोक कामाला येऊन राहिले. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी ही चार गावे मिळून १९७० मध्ये नगरपालिका झाली आणि १९८२ मध्ये महानगरपालिका. त्याआधीची जन्ममृत्यूची नोंद हवी असेल तर त्या वेळच्या ग्रामपंचायतीचे दप्तर पाहावे लागते.

मला वाट मिळाली ती निकाहाच्या नोंदीतून. काझी कायदा १८८० चा आहे. त्याने काझींना न्यायाधीशाचे अधिकार दिले नाहीत, निकाहाला काझी हजर हवाच असेही म्हटले नाही. तरीही काझी घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या निकाहाची रजिस्टरे जपून ठेवली आहेत. ओळखीतून ओळख काढत मी अशाच एका घरी पोचले. तिथल्या बुजुर्गांनी कपाटातून कापडात बांधलेली रजिस्टरे काढली आणि म्हणाले, "उर्दू पढ़ सकते ना टीचर? तो बैठो, देखो."

चार दुपारी बसले. जुनी उर्दू लिखाई घाईची असते, नुक्ते अर्धे गाळलेले. नावांचा भरवसा नाही. आमिना कुठे अमिनाबी होते, तर कुठे नुसती 'अमीना दुख्तर फलाँ', म्हणजे अमक्याची मुलगी. तारीख हिजरीत असते. हिजरी वर्ष इसवी वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान, त्यामुळे दोन्हींचा मेळ घालत जावे लागते. उदाहरणार्थ, हिजरी १३८० हे वर्ष जून १९६० च्या अखेरीस सुरू झाले.

शेवटी ती ओळ सापडली, साठीच्या दशकाच्या सुरुवातीची. नौशा, म्हणजे नवरदेवाचे नाव फेरफारातलेच. दुल्हनच्या नावासमोर तिची स्थिती लिहिलेली असते : कुंवारी, बेवा किंवा मुतल्लका. तिथे 'मुतल्लका' होते आणि शेजारी बारीक अक्षरात 'खुला'. पहिला नवरा वारला नव्हता. तिने स्वतः मागणी करून खुला घेतला होता. घरात तिचे नाव पुसले गेले ते यामुळे.

महरच्या रकान्यात रक्कम होती आणि पुढे 'मुअज्जल'. हा शब्द ऐनने लिहिला तर महर लगेच द्यायचा, हमजाने लिहिला तर नंतर. इथे ऐन होता. वकील म्हणून दादांचे नाव होते. आणि खाली तिची सही. "ती कुठे शिकली होती, अंगठाबहाद्दर होती," असे आमच्याकडे म्हणत. पण तो अंगठा नव्हता. उर्दूत, जरा थरथरत्या पण स्वच्छ अक्षरात, तिने स्वतःचे पूर्ण नाव लिहिले होते. रोज मुलांना अक्षरे गिरवायला लावणारी मी, त्या सहीवर बोट ठेवून बसून राहिले.

यात लपवण्यासारखे काय होते?

खुला ही काही नव्या जमान्याची गोष्ट नाही. हजरत साबित बिन कैस (रजि.) यांच्या पत्नी प्रेषित (स.) यांच्याकडे आल्या आणि पतीच्या चारित्र्यावर कसलाही आरोप न करता वेगळे होण्याची इच्छा सांगितली. महरात मिळालेली बाग त्यांनी परत केली आणि त्यांना मोकळीक मिळाली. सहीह बुखारीत हा प्रसंग नोंदलेला आहे. आपल्या देशात १९३९ च्या कायद्याने मुस्लिम पत्नीला न्यायालयातून निकाह रद्द करून घेण्याची कारणेही स्पष्ट करून दिली.

दुसऱ्या निकाहाचे म्हणाल, तर हजरत अस्मा बिंते उमैस (रजि.) यांचे चरित्र पाहावे. पहिला निकाह हजरत जाफर बिन अबी तालिब यांच्याशी. त्यांच्याबरोबर त्यांनी हबशाची हिजरत केली. जाफर हिजरी ८ मध्ये मूताच्या लढाईत शहीद झाले. मग हजरत अबू बक्र यांच्याशी निकाह झाला आणि त्यांच्या इंतकालानंतर हजरत अली यांच्याशी. तिन्ही घरांत त्यांना मुले झाली आणि त्या मुलांची नावे आजही घेतली जातात. इब्ने साद यांच्या 'तबकात'चा शेवटचा भाग स्त्रियांच्याच चरित्रांचा आहे. कोणाचा निकाह कोणाशी झाला, नंतर कोणाशी, मुले कोण, हे त्यात सरळ लिहिले आहे. बाराशे वर्षांपूर्वी जे मोकळेपणाने लिहिले गेले, ते आपण साठ वर्षांपूर्वीचेही झाकून ठेवतो.

बाईचे नावच न लिहिण्याची सवय सगळ्याच समाजांत होती. स्वतंत्र भारताच्या पहिल्या निवडणुकीत मतदारयादीत 'अमक्याची आई', 'तमक्याची बायको' एवढेच लिहिलेल्या सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे वगळावी लागली होती. आपल्या पुण्याच्या फातिमा शेख यांचेच पाहा. सावित्रीबाई फुले यांनी १० ऑक्टोबर १८५६ रोजी नायगावहून जोतिरावांना लिहिलेल्या पत्रात त्यांचा उल्लेख आहे, म्हणून आपल्याला त्या ठाऊक तरी आहेत. त्यांच्या निकाहाचा, मुलाबाळांचा खात्रीचा कागद इतिहासकारांच्या हाती नाही. मुली शिकवणाऱ्या बाईची ही गत, तर बाकीच्यांचे काय!

निगडीतली भेट

रजिस्टरातील एका गवाहाच्या नातवाकडून पत्ता लागला. फुफीदादीला दुसऱ्या निकाहातून एक मुलगा आणि एक मुलगी. मुलगा नोकरीनिमित्त दूर असतो, मुलगी निगडीला राहते. नात्याने त्या माझ्या फुफी. अब्बांना घेऊन गेले. दोघांचे वय साठीच्या पुढचे, आणि सख्ख्या मामेभावाला त्या पहिल्यांदा भेटत होत्या.

त्यांनी ट्रंकेतून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेला निकाहनामा काढला. त्याच्याबरोबर जुने रेशन कार्ड होते आणि मृत्यूचा दाखला. फुफीदादी तब्बल सत्तर वर्षे जगली होती. लग्नाआधी मदरशात शिकलेल्या उर्दूवर तिने गल्लीतल्या मुलींना कुरआन शिकवले. आईने माहेरचा कधी राग केला नाही, असे त्या म्हणाल्या. मग अब्बांना विचारले, "भाई, तुमारे घर में कभी अम्मी का नाम निकलता था क्या?"

अब्बांनी मान खाली घातली. मग चाकणच्या बाजाराची आणि बिस्किटाच्या पुड्याची गोष्ट सांगितली. त्या रडल्या आणि लगेच चहा ठेवायला उठल्या.

वारसाहक्काचा हिशेब मग साधा झाला. सूरह निसाच्या ७ व्या आयतीत आईवडिलांच्या मालमत्तेत स्त्रीचाही हिस्सा आहे असे म्हटले आहे, थोडी असो वा जास्त. ११, १२ आणि १७६ या आयतींत हिस्से ठरवून दिले आहेत. आईच्या मालमत्तेत तिची मुले वारस असतात, मग ती कोणत्याही निकाहाची असोत. अब्बांनी त्या प्रतिज्ञापत्रावर सही केली नाही. फुफीदादीच्या दोन्ही मुलांची नावे वारस म्हणून लावण्याचा अर्ज आता तलाठी कार्यालयात दिला आहे. धाकटे चाचा आमच्याकडे येत नाहीत. या ईदलाही आले नाहीत. अब्बांना त्याचे वाईट वाटते, पण ते म्हणतात, खोट्या शपथेपेक्षा हे बरे.

आपल्या घरी एवढे करा

हा शोध मला लागला तो उर्दू येते म्हणून, आणि काझींच्या घरात रजिस्टर जपले गेले म्हणून. सगळ्यांना असे नशीब मिळत नाही. म्हणून वाचक भगिनींनो, एक शंभर पानी वही घ्या. घरातल्या प्रत्येक बाईचे स्वतःचे नाव, तिच्या आईचे आणि वडिलांचे नाव, माहेरचे गाव लिहा. निकाह एक असो की दोन, प्रत्येकाची हिजरी आणि इसवी तारीख, काझी, वकील, दोन्ही गवाह आणि महर लिहा. तलाक, खुला किंवा बेवापण असेल तर तेही तारखेसह लिहा, कुजबुजत नको. सगळ्या मुलांची नावे आईच्या नावाखाली लिहा.

निकाहनाम्याच्या दोन प्रती काढून ठेवा. १९९८ च्या राज्य कायद्याप्रमाणे विवाह नोंदणी कार्यालयातही नोंद करून घ्या. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये सर्वच धर्मांच्या विवाहांची नोंदणी सक्तीची करण्यास सांगितले आहे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांत आईचे नाव लावणे आपल्या राज्याने बंधनकारक केले आहे. त्यामुळे पुढच्या पिढीचा शोध थोडा सोपा होईल. मागच्या पिढीचे मात्र घरातल्या बुजुर्गांनाच विचारावे लागेल, आणि ते आहेत तोवरच.

आमच्या वहीत पहिले पान फुफीदादीचे आहे. निगडीच्या फुफी दर जुम्याला फोन करतात. परवा म्हणाल्या, "अम्मी का नाम तूने कैसा लिखा, पढ़ के सुना." मी वाचून दाखवले, दोन्ही निकाहांसकट. त्या म्हणाल्या, "बराबर है."